कळंबोलीच्या पोराचं नाव सात वेळा

वागळे इस्टेट, ठाणे

प्रिय पोरी,

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. रॅली चॅम्पियनशिपची एकच फेरी उरली आहे, कळंबोलीचा तो पोरगा चार गुणांनी पुढे आहे, आणि त्याला गाठायला गाडीत काय बदलू, असं विचारतेस. गाडीचं नंतर बघू. त्या मेसेजमध्ये त्याचं नाव सात वेळा आलंय आणि शेजारी बसून तुला वळणं वाचून सांगणाऱ्या को-ड्रायव्हरचं एकदाही नाही. मला खटकलं ते हे.

सर्किटवर प्रतिस्पर्धी नाकासमोर असतो. रॅलीत गाड्या मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक सुटतात. तीन दिवस ज्याच्याशी झुंजायचं, तो भेटतो फक्त सर्व्हिसमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्तीच्या थांब्यावर, नाहीतर जेवणाच्या रांगेत. स्टेजवर, म्हणजे वेळ मोजतात त्या बंद रस्त्यावर, तू, शेजारचा माणूस, त्याच्या मांडीवरची वही आणि घड्याळ, एवढंच. दुसऱ्याची वेळ डोक्यात घेऊन वळणात शिरलीस की ब्रेक उशिरा लागतो.

माझीच फजिती सांगतो. नाशिककडची रॅली, दुसरा दिवस, मी डाव्या सीटवर, को-ड्रायव्हर. पुढच्या जोडीपेक्षा आम्ही ११ सेकंद मागे. सर्व्हिसमध्ये बघतो तर त्यांचं बॉनेट उघडं, खाली तेल ठिबकतंय, मेकॅनिकची धावपळ. आम्हाला कोण आनंद! ‘गेले हे,’ म्हणत निघालो आणि पुढच्या टाइम कंट्रोलला, म्हणजे ठरलेल्या मिनिटाला हजेरी लावायच्या ठाण्यावर, मी वेळेचं कार्ड एक मिनिट आधीच देऊन बसलो. आता नियम बघ: उशीर झाला तर मिनिटाला १० सेकंद दंड, पण लवकर पोचलात तर मिनिटाला ६०. अकराचे एकाहत्तर झाले. कंट्रोलच्या पिवळ्या पाटीच्या अलीकडे गाडी उभी करून पाण्याचे दोन घोट घ्यायचे होते, बस. घड्याळ बरोबर होतं; माझं लक्ष त्यांच्या बॉनेटखाली होतं. त्यांचा नुसता पाइप सुटला होता म्हणे. वेळेवर निघाले ते.

आणि समोरचा ‘गेला’ तरी हिशोब मिटत नाही. १९९८ ची जागतिक रॅली चॅम्पियनशिप आठव. ब्रिटनमधल्या शेवटच्या रॅलीत टॉमी मॅकिनेन पहिल्याच दिवशी बाद झाला. कार्लोस साइन्झला चौथा नंबर पुरत होता, आणि तो चौथाच होता. शेवटच्या स्टेजची शेवटची काही शे मीटर उरली असताना त्याच्या कोरोलाचं इंजिन बसलं. मॅकिनेन ५८ गुण, साइन्झ ५६. गाडीत नसलेला माणूस विजेता! साइन्झचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, यंत्र आहे ते. पण तुझ्या चार गुणांचा निकाल कळंबोलीच्या पोराच्या हातात जेवढा आहे, तेवढाच एखाद्या दहा रुपयांच्या क्लिपच्याही हातात आहे. म्हणून शेवटच्या रात्री त्याच्या वेळा चाळत बसण्यापेक्षा इंजिनाखालच्या सम्प गार्डचे बोल्ट स्वतः तपास.

२००३ मध्ये सेबास्टियन लोएब हीच जागतिक चॅम्पियनशिप एका गुणाने हरला, ७२ विरुद्ध ७१. पुढच्या वर्षापासून सलग नऊ वेळा जिंकला. तुझं वय तेवीस आहे, एवढंच लक्षात ठेव.

आता गायमुख घाटाचं. पहाटे तिथे गाडी पळवतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. ते आजपासून बंद. ट्रक, खड्डे, दूधवाले... तो काय बंद केलेला स्टेज आहे? रॅलीतही दोन स्टेजमधल्या रस्त्यावर सिग्नल पाळावेच लागतात. घाट तसा कामाचा आहे, पण तीसच्या स्पीडने. को-ड्रायव्हरला शेजारी बसव आणि वळणांच्या नोट्स तू बोल, त्याला लिहू दे. माझ्या वहीत १ म्हणजे आवळलेलं वळण, ६ म्हणजे जवळजवळ सरळ. तुमचे आकडे तुम्ही ठरवा. मग परत फिरून दुसऱ्या फेरीत त्याला वाचायला लाव आणि ऐक. रेकीत, म्हणजे रॅलीआधी रस्ता बघून नोट्स लिहिताना, बहुतेक दोनच फेऱ्या मिळतात, तेव्हा सवय दोनचीच लाव. जिथे त्याचा आवाज अडखळेल तिथे नोट चुकली आहे, किंवा तू भराभर बोलली आहेस. बहुधा दुसरंच.

सस्पेन्शनचं तू विचारलंस ते रविवारी बघू. दोघं या, वही घेऊन. सकाळी सातला. सहा एकोणसाठला बेल वाजवलीत तर शटर उघडणार नाही.

तुझा,
गॅरेजवाला काका