नावात पेन्सिल, पोटात काच

(रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान पस्तीस वर्षं चालवून आता शटर ओढलेल्या मेकॅनिकला वाचकांनी विचारलेले प्रश्न)

प्रश्न : वडील गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना शार्प कंपनीचा जुना कॅल्क्युलेटर सापडला. ते बँकेत होते. मार्चअखेर आली की हा रात्री घरीसुद्धा यायचा. माझी मुलगी पुण्यात जपानी शिकते. ती म्हणाली, ‘‘आई, जपानीत पेनपेन्सिलीला शार्पेन म्हणतात, आणि तो शब्द ह्याच कंपनीमुळे आला.’’ पेन्सिलवाले कॅल्क्युलेटर कसे करायला लागले? आणि कंपनी आता जपान्यांची राहिली नाही म्हणतात, ते खरं का?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुलगी बरोबर सांगते. माझी दुरुस्ती एवढीच, की पेनपेन्सिल शार्पने शोधली असं लोक ठोकून देतात, ते खरं नाही. इंग्लंडमध्ये तसलं पेटंट १८२२ मध्येच निघालं होतं. तोकुजी हायाकावा ह्या टोकियोतल्या कारागिराने १९१५ मध्ये तिचं आतलं यंत्र पितळेचं, नेमकं आणि न मोडणारं केलं. कारागीर हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ह्या माणसाची शाळा दुसरीतच सुटली. लहानपणीच दत्तक दिलेला, घरात सावत्र आईचा जाच. शेजारच्या एका अंध बाईंनी हाताला धरून त्याला धातूकाम करणाऱ्या एका उस्तादाकडे नेऊन सोडलं, तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता. ते त्याने जन्मभर लक्षात ठेवलं. पुढे १९५० मध्ये अंध कामगारांसाठी वेगळा कारखानाच काढला.

१९१२ मध्ये त्याने स्वतःचं दुकान थाटलं ते पट्ट्याच्या बकलावर. पट्ट्याला भोकं न पाडता घट्ट बसणारं बकल. मग पेन्सिल. टोकियोतले दुकानदार म्हणाले, थंडीत धातू हाताला गार लागतो आणि किमोनोवर ही शोभत नाही. परदेशातून मागणी आली तेव्हा तेच दुकानदार दारात उभे! पिकतं तिथं विकत नाही, हे जपानातही तसंच आहे म्हणायचं. पेन्सिलीचं नाव पडलं ‘एव्हर-रेडी शार्प’.

१ सप्टेंबर १९२३ ला टोकियो-योकोहामा भागात मोठा भूकंप झाला आणि त्यामागून आग लागली. हायाकावांचा कारखाना जळाला. दोन्ही मुलं गेली, बायकोही वाचली नाही. वर ओसाकातल्या वितरकाचं कर्ज उभंच होतं. पेन्सिलीची पेटंटं आणि उरलेली यंत्रं त्या वितरकाला देऊन त्यांनी ते फेडलं. म्हणजे बघा, ज्या वस्तूवरून कंपनीला नाव मिळालं ती वस्तू शार्प कंपनी म्हणून आपण जिला ओळखतो तिच्या हातात कधी राहिलीच नाही. मला ह्या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते. भूकंपाला बरोबर वर्ष झालं त्या तारखेला, १ सप्टेंबर १९२४ ला, त्यांनी ओसाकात नवं वर्कशॉप उघडलं. काय बनवायचं, ते मात्र ठरलेलं नव्हतं.

ते ठरलं एका घड्याळाच्या दुकानात. तिथे अमेरिकेहून आलेला क्रिस्टल रेडिओ विकायला ठेवला होता. हायाकावांनी तो विकत घेतला आणि उघडला. विजेतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण धातू कळत होता. पत्रा कापणं, पट्ट्या वाकवणं, स्क्रू पाडणं हे रक्तातच होतं. एप्रिल १९२५ मध्ये जपानात तयार झालेला पहिला क्रिस्टल सेट त्यांच्याकडे वाजला. ओसाकाचं प्रक्षेपण जूनमध्ये सुरू झालं. सेटवर नाव घातलं शार्प. क्रिस्टल सेटला ना सेल लागतात ना लाइट. लांब तार, एक कॉइल, एक स्फटिक आणि कानाला हेडफोन, संपलं. आम्ही सांगलीत शाळेत असताना स्फटिकाच्या जागी ओए-७९ डायोड घालून, नळाला अर्थिंगची तार जोडून आकाशवाणी सांगली ऐकलीय. आवाज डासाएवढा, पण आपण केलेला. त्यामुळे हायाकावांना त्या दिवशी काय वाटलं असेल, ह्याची मला थोडी कल्पना आहे.

पुढचं भराभर सांगतो. १९५३ मध्ये जपानात टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं, त्याआधीच जानेवारीत ह्यांचा पहिला सेट बाजारात. किंमत १,७५,००० येन, आणि तेव्हा शाळा संपवून नव्याने सरकारी नोकरीत लागलेल्या पोराचा पगार महिना ५,४०० येन. म्हणजे बत्तीस महिने न जेवता साठवायचे. १९६२ मध्ये जपानातला पहिला घाऊक प्रमाणावर काढलेला मायक्रोवेव्ह ह्यांचाच. काही वर्षांनी त्याला घंटी बसवली. ती सायकलच्या घंटीवरून सुचली असं कंपनी सांगते. त्या घंटीच्या आवाजावरून जपानी लोक आजही अन्न मायक्रोवेव्हमध्ये गरम करण्याला ‘चिन करणं’ म्हणतात. मुलीला विचारा, तिला माहीत असेल.

आता तुमचा कॅल्क्युलेटर. १९६४ मध्ये शार्पने नुसत्या ट्रान्झिस्टर-डायोडवर चालणारा टेबलावरचा पहिला कॅल्क्युलेटर काढला, सीएस-१०ए. वजन २५ किलो, किंमत ५,३५,००० येन. तेवढ्यात तिकडे एक लहान मोटार आली असती. ह्याला हिशेबाचं यंत्र म्हणावं की कपाट, हा प्रश्नच आहे. १९६९ मध्ये एलएसआय, म्हणजे खूप सारे ट्रान्झिस्टर एकाच चिपमध्ये मावणारी आयसी, आल्यावर किंमत लाखाच्या आत आली. तरी एक अडचण राहिली. आकडे दाखवायच्या नळ्या स्वतः उजेड पाडायच्या आणि त्यातच सेल खायच्या. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९६८ मध्ये द्रवस्फटिकाचा पडदा, म्हणजे एलसीडी, दाखवला होता, पण त्याचं करायचं काय, हे तिथल्या कोणाला फारसं सुचलं नाही. शार्पवाल्यांना सुचलं. द्रवस्फटिक स्वतः उजेड पाडत नाही, बाहेरून आलेला उजेड फक्त अडवतं किंवा सोडतं; म्हणून त्याला वीज नावापुरती लागते. १९७३ चा ईएल-८०५ हा त्या पडद्याचा कॅल्क्युलेटर. वजन २०० ग्रॅम, आणि एका पेन्सिल सेलवर शंभर तास. पंचवीस किलोंचे दोनशे ग्रॅम, नऊ वर्षांत. करड्या काचेवर काळे आकडे असतील तर तुमच्या वडिलांचं यंत्र त्याच घराण्यातलं.

ओसाकातच मात्सुशिता म्हणजे आपल्याकडचं नॅशनल पॅनासॉनिक. दुसऱ्याने काढलेलं मागून स्वस्तात काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून लोक त्यांना थट्टेने ‘माने शिता’ म्हणायचे. जपानीत त्याचा अर्थ ‘नक्कल केली’. हायाकावा आपल्या लोकांना सांगायचे, इतरांना नक्कल करावीशी वाटेल अशी वस्तू करा. ऐकायला छान, पण ह्यात धंद्याचा तोटाही आहे. वाट तुम्ही पाडायची आणि गाड्या दुसऱ्यांनी न्यायच्या.

आणि इथेच कंपनीची पुढची रड आहे. जपानात टीव्ही पहिला ह्यांनी काढला, पण पिक्चर ट्यूब ह्यांची स्वतःची नव्हती, ती दुसऱ्यांकडून घ्यावी लागे. टीव्हीत निम्मा जीव ट्यूबचा. माझ्या दुकानात कोणी म्हणालं, ‘‘सेट अमक्या कंपनीचा आहे’’, की मी मागचं झाकण काढून ट्यूबवरचं नाव दाखवायचो. ट्यूब दुसऱ्याची असली की तुम्ही खोकेवाले, असा हिशेब. शार्पला हा सल वर्षानुवर्षं होता. म्हणून १९९८ मध्ये अध्यक्ष काट्सुहिको माचिदा यांनी जाहीर केलं, की २००५ पर्यंत जपानात आम्ही विकू ते सगळे टीव्ही एलसीडीचेच असतील. लोक हसले. पण ते झालं. २००४ मध्ये कामेयामा इथे मोठा कारखाना उभा राहिला, आणि दुकानातले टीव्ही ‘कामेयामा मॉडेल’ ह्या गावाच्या नावावर विकले गेले. पैठणी जशी येवल्याची म्हणून विकली जाते, तसं.

तिथे थांबायला हवं होतं, असं माझं मत. ते थांबले नाहीत. २००९ मध्ये ओसाकाजवळ साकाईला त्याहून प्रचंड कारखाना काढला. तिथे पडद्यांसाठीची एकेक काच जवळजवळ तीन मीटर लांब-रुंद होती. तोवर जगात मंदी आली होती, येन वधारला होता आणि कोरिया-तैवानमध्ये तसेच पडदे ढिगाने निघत होते. बकल सोडलं, पेन्सिल सोडावी लागली, आणि दरवेळी नवं काही सापडलं. काच मात्र सुटली नाही. २०११-१२ ह्या एका वर्षात ३७,६०० कोटी येन तोटा, पुढच्या वर्षी ५४,५०० कोटी. २०१६ मध्ये तैवानच्या होन हाय, म्हणजे फॉक्सकॉनने ३८,८८० कोटी येन देऊन ६६ टक्के हिस्सा घेतला. तेव्हा तुम्ही ऐकलंत ते खरं. नाव आणि कारखाने जपानी, मालकी तैवानी. साकाईतलं टीव्हीच्या पडद्यांचं काम २०२४ मध्ये बंद झालं.

प्रश्न : आमच्या लग्नातल्या टीव्हीवर ‘कल्याणी शार्प’ लिहिलं होतं. तो खरा शार्प, की नावाला नाव?
– एक वाचक, शिरूर

उत्तर : खराच. पुण्याच्या कल्याणी समूहाने शार्पबरोबर ऐंशीच्या दशकात कंपनी काढली. कारखाना तुमच्याच तालुक्यात, नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाला. पुढे नावातलं कल्याणी गेलं आणि शार्प इंडिया झालं. लग्नातला सेट अजून असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मला एक फोटो पाठवा. पैसे देणार नाही, पण बघायचाय.

प्रश्न : बाबांच्या जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये सेल तसेच राहिले होते. स्प्रिंगवर पांढरं-हिरवं काहीतरी साचलंय. तो चालू होईल का?
– तीच कोल्हापूरची वाचिका

उत्तर : बरेचदा होतो. सेल काढा, साचलेलं आधी कोरड्या जुन्या टूथब्रशने झाडा. तोंडाजवळ धरू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. जुने साधे सेल असतील तर खायच्या सोड्याच्या पाण्यात, अल्कलाइन असतील तर व्हिनेगरमध्ये कापसाची काडी जेमतेम ओली करून स्प्रिंग पुसा. मग स्पिरिटने पुसून एक दिवस वाळू द्या. तरी काळं राहिलं तर बारीक पॉलिश पेपरची अरुंद पट्टी कापून दोन-चार हात मारा, पांढरी चकाकी दिसली की बस्स. पडद्यावर अंगठा दाबू नका. नवे सेल घालून आधी सात गुणिले आठ करा. आकड्याची एखादी काडी उमटत नसेल तर उघडायला जाऊ नका. पडदा आणि बोर्ड ह्यांच्यामध्ये रबराची बारीक पट्टी असते, ती सरकली तर आणखी आकडे जातील. एखाद्या जाणत्याकडे न्या. आणि चालला तरी काम झाल्यावर सेल काढून ठेवत जा.