सरकारकडून पैसे आले नाहीत म्हणून आरटीईतल्या मुलीची केजीची फी आईने भरायची का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. आधी उत्तर सांगते, कारणं नंतर, कारण तुम्ही लिहिलंय की सोमवारपर्यंत पैसे भरायचेत आणि मंगळसूत्र गहाण ठेवायचा विचार चाललाय. ते करू नका. पैसे भरू नका, कशावरही सही करू नका, आणि मुलीला रोज शाळेत पाठवत राहा, एक दिवसही घरी ठेवू नका.

बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. ताई नाशिकला सातपूरला राहतात, मिस्टर एमआयडीसीत कंत्राटी कामगार, ताई घरी ब्लाऊज शिवतात. लेकीला २०२४-२५ ला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, लॉटरीत घराजवळच्या खासगी शाळेत नर्सरीला नंबर लागला. आता ज्युनिअर केजी संपत आलंय आणि शाळेने ऑफिसात बोलावून सांगितलं की सरकार फक्त पहिलीपासूनचे पैसे देतं, नर्सरी-केजीचं आम्हाला काहीच मिळत नाही, तेव्हा दोन वर्षांचे ४६,००० भरा, नाहीतर सिनियर केजीला बसू देणार नाही आणि दाखलाही देणार नाही. गेल्या वर्षी शाळेने एका हमीपत्रावर सही घेतलीय की "शासनाने फी न दिल्यास पालक भरतील", आणि ५,००० रुपये गुगल पे वर घेतलेत, पावती दिलेली नाही. ताईंचा प्रश्न असा की सही तर केलीय, मग आता भरावेच लागतील ना?

नाही ताई. सहीचंच आधी बघू, कारण तुम्हाला खरी भीती तिचीच वाटतेय. भारतीय करार कायद्याचं कलम २३ सांगतं की ज्या कराराने एखाद्या कायद्याचा हेतूच हाणून पाडला जातो तो करार मुळातच रद्द असतो, त्यावर कोणी कितीही सह्या करोत. आरटीईखाली ज्या मुलीला मोफत शिकवायला शाळा बांधील आहे, त्याच मुलीच्या आईकडून "मी फी भरीन" असं लिहून घेणं म्हणजे कायद्याने दिलेलं हमीपत्राने काढून घेणं. असा कागद दाखवून शाळा कोर्टात पैसे मागायला गेली तर तो टिकणं अवघड आहे, आणि शाळा तो घेऊन कोर्टात जाईल असंही मला वाटत नाही, तो फक्त तुम्हाला ऑफिसात बसवून दाखवायला असतो.

आता मूळ मुद्दा. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १२(१)(सी) सांगतं की खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा आजूबाजूच्या दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना मोफत शिकवायचं. त्याला जोडूनच एक परंतुक, म्हणजे पुढे जोडलेली पुरवणी तरतूद, आहे, ते बरेच पालक वाचतच नाहीत आणि शाळा तर सांगतच नाहीत: शाळेत पूर्व-प्राथमिक वर्ग असतील तर हीच तरतूद त्या वर्गांच्या प्रवेशालाही लागू होते. म्हणजे नर्सरीची जागा ही शाळेची मेहेरबानी नाही, कायद्यातली जागा आहे. कायदा करणाऱ्यांना कळत होतं की पैसेवाल्याचं मूल तीन वर्षं नर्सरी-केजी करून पहिलीत येणार आणि गरिबाचं मूल थेट पहिलीत त्याच्या शेजारी बसणार, तर पहिल्याच दिवसापासून ते मागे पडणार.

म्हणून आज रात्री एक काम करा, अलॉटमेंट लेटर, म्हणजे लॉटरीत जागा मिळाल्याचं पत्र, काढा आणि त्यावर प्रवेशाचा वर्ग कुठला लिहिलाय ते बघा. सरकारच्या आरटीई पोर्टलवर शाळेची नोंदणी होते तेव्हाच तिचा प्रवेशाचा वर्ग, म्हणजे पहिली की पूर्व-प्राथमिक, तो नोंदलेला असतो. तुमच्या लेटरवर नर्सरी असेल तर शाळेने नर्सरीला २५ टक्क्यांतून मूल घेतलं हे सरकारी कागदावरच आलं, आता दोन वर्षांनी "हे वर्ग आरटीईत येत नाहीत" म्हणायला शाळेला जागा उरत नाही. पण लेटरवर पहिली असेल आणि शाळेने "तोवर आमच्या केजीत बसवा" म्हणून तोंडी घेतलं असेल, किंवा केजी वेगळ्या ट्रस्टचं, वेगळ्या नावाचं असेल, तर गोष्ट वेगळी होते, मग मला फोटो पाठवा, आपण वेगळं बोलू. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं की लेटर नर्सरीचंच आहे, पुढचं सगळं तेच धरून लिहितेय.

शाळेचं गाऱ्हाणं खोटं नाहीये, हेही सांगायला हवं. कलम १२(२) प्रमाणे सरकारने शाळेला खर्चाची भरपाई द्यायची असते, आपण जिला प्रतिपूर्ती म्हणतो ती. ती किती, तर सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलावर जेवढा खर्च करतं तेवढी किंवा शाळेची खरी फी, दोन्हीत जे कमी असेल ते. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये ठरवला होता आणि कोविडच्या काळात तो ८,००० वर आणला होता. शाळांचे पैसे वर्षानुवर्षं थकतात, छोट्या शाळांचे पगार त्याने अडतात, हे मी स्वतः बघितलंय. आणि पूर्व-प्राथमिकचा वाद कुठून येतो तर १२(२) मध्ये शब्द आहेत "प्राथमिक शिक्षण" आणि कायद्याच्या व्याख्येत प्राथमिक शिक्षण म्हणजे पहिली ते आठवी. सरकार या शब्दांवर बोट ठेवतं आणि शाळा म्हणते, प्रवेश नर्सरीला द्यायला लावता मग नर्सरीचे पैसे कोण देणार. मला विचाराल तर या प्रश्नात शाळेची बाजू बरोबर आहे, सरकारने पैसे द्यायलाच हवेत, परंतुकाने जबाबदारी टाकायची आणि व्याख्येआड लपून खर्च नाकारायचा हे मला पटत नाही.

पण ताई, हा वाद शाळा आणि सरकार यांच्यातला आहे. १२(१)(सी) मध्ये कुठेही असं लिहिलेलं नाही की सरकारने पैसे दिले तरच मोफत शिकवा, नाहीतर पालकांकडून घ्या. शाळेला सरकारकडून पैसे हवेत तर हायकोर्टाचा दरवाजा तिला उघडा आहे, आणि शाळा जातातही. साडेचार वर्षांच्या मुलीला मध्ये ओलीस धरून सरकारवर दबाव आणायचा हा मार्ग कायद्याने दिलेला नाही.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. शाळेचा वकील असं म्हणू शकतो की कायद्यात "बालक" म्हणजे ६ ते १४ वर्षांचं, आणि शाळेतून काढता येणार नाही असं सांगणारं कलम १६ "बालका"बद्दल आहे, मग तुमची मुलगी अजून त्यात बसत नाही. या युक्तिवादाला माझं उत्तर असं की परंतुकाने २५ टक्क्यांची तरतूद जशीच्या तशी पूर्व-प्राथमिक प्रवेशाला लावलीय, प्रवेश द्या पण दोन वर्षांनी पैसे नाहीत म्हणून बाहेर काढा असा अर्थ घेतला तर त्या परंतुकाला काही अर्थच उरत नाही. आणि सुप्रीम कोर्टाने १२ एप्रिल २०१२ ला ही २५ टक्क्यांची तरतूदच घटनेत बसते असं सांगितलेलं आहे, फक्त विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून (२०१४ मध्ये मग सगळ्याच अल्पसंख्याक शाळा वगळल्या). तुमची शाळा अल्पसंख्याक दर्जाची असती तर मुळात लॉटरीत आलीच नसती.

तुमच्या मुलीचा प्रवेश कुठल्या वर्षातला आहे हेही लक्षात घ्या. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलून सांगितलं की १ किमीच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्के लागू नाही. पालक कोर्टात गेले, मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टाने तो बदलच रद्द केला, सुप्रीम कोर्टानेही पुढे त्यात हात घातला नाही. शाळा सुरू होऊन महिना उलटून गेल्यावर त्या वर्षीच्या मुलांना प्रवेश मिळाले. म्हणजे तुमच्या लेकीची जागा कोर्टाने राखलेली जागा आहे, ती ऑफिसातल्या एका दमदाटीने सोडायची नाही.

आता करायचं काय. सगळ्यात आधी हे की दाखला मागू नका, आणि "स्वखुशीने प्रवेश रद्द करत आहे" असलं काहीही लिहून देऊ नका, माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी बऱ्याच जणी नेमक्या इथेच फसतात. शाळा म्हणते दाखला देणार नाही आणि तुम्ही घाबरता, पण तुम्हाला दाखला हवाच कशाला? दाखला घेऊन बाहेर पडलात की आरटीईची जागा गेली, दुसऱ्या खासगी शाळेत ती बरोबर येत नाही, बदलीचा हक्क कलम ५ मध्ये आहे पण तो सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे.

दुसरं, शाळेला पत्र द्या, मराठीत, साध्या कागदावर, दोन प्रती. असं लिहा: "माझ्या मुलीला २०२४-२५ मध्ये आरटीई २५ टक्के अंतर्गत आपल्या शाळेत नर्सरीत प्रवेश मिळाला आहे, अलॉटमेंट लेटरची प्रत सोबत जोडली आहे. अमुक तारखेला आपण माझ्याकडे ४६,००० रुपयांची तोंडी मागणी केली. ही मागणी कोणत्या नियमानुसार आहे ते लेखी कळवावे. गेल्या वर्षी घेतलेल्या ५,००० रुपयांची पावती द्यावी किंवा रक्कम परत करावी. गेल्या वर्षीचे हमीपत्र मला मान्य नाही." बस, एवढंच. राग नको, धमकी नको. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, ऑफिसात घेत नसतील तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पोचपावतीसकट पाठवा. गुगल पे चा स्क्रीनशॉट, शाळेच्या ग्रुपवरचे फीचे मेसेज, सगळं एका फाइलमध्ये प्रिंट काढून ठेवा, मोबाईल हरवतो, प्रिंट राहते. माझा अनुभव असा की लेखी मागितलं की निम्म्या शाळा तिथेच गप्प होतात, कारण असली मागणी शाळेच्या लेटरहेडवर लिहून द्यायची कुणाची तयारी नसते.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा मुलीला वर्गाबाहेर उभं केलं, तर मग थांबायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार करायची. तुम्ही शहरात आहात म्हणून महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, गावाकडचे असते तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवलं असतं, आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना. या कलमाप्रमाणे दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तीन महिने म्हणजे जून उजाडतो हे मला माहितीये, म्हणून तक्रारीतच एक ओळ घाला की निर्णय होईपर्यंत मुलीला सिनियर केजीत बसू द्यावं असा आदेश शाळेला द्यावा.

त्याबरोबर एक माहिती अधिकाराचा अर्जही टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो, तर विषय फक्त "अमुक शाळेची आरटीई प्रतिपूर्ती" एवढाच ठेवा: शाळेचा पोर्टलवर नोंदलेला प्रवेशाचा वर्ग कुठला, शाळेने किती मुलांसाठी किती रक्कम मागितली, किती मिळाली, आणि शाळेला सरकारकडून जमीन किंवा इतर सवलत मिळालीय का. शेवटचा प्रश्न उगाच नाही. मोफत शिकवण्याच्या अटीवर स्वस्तात किंवा फुकट जमीन घेतली असेल तर १२(२) प्रमाणेच शाळेला तेवढ्या मुलांपुरती प्रतिपूर्ती मागता येत नाही. मग "सरकार देत नाही" या गाऱ्हाण्यालाच आधार उरत नाही.

पोलिसात जाऊ का असं विचारलंत. लगेच नको. मुलीला कोंडलं, मारलं, चारचौघांत अपमान केला तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो, तेव्हा मी स्वतः म्हणेन जा. पण नुसत्या फीच्या मागणीवर पोलीस स्टेशन गाठलं तर ते "दिवाणी मॅटर आहे" म्हणून परत पाठवतील आणि शाळेशी बोलायची वाटही बंद होईल, आणि शेवटी मुलीला तिथेच आठवीपर्यंत शिकायचंय.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही बाईला आणि कुठल्याही मुलाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधार कार्ड आणि ही फाइल घेऊन जा, किंवा १५१०० वर फोन करा. प्रकरण हायकोर्टात न्यायची वेळ आली तर तिथेही अशीच विधी सेवा समिती असते.

मुख्याध्यापिका म्हणाल्या म्हणे की परवडत नाही तर अंगणवाडीत घाला. अंगणवाडी वाईट नाही ताई, या राज्यातली लाखो मुलं तिथे शिकली आणि जेवली, आणि अंगणवाडी ताई किती कमी मानधनात किती राबतात हे सगळ्यांना दिसतं. पण तिथे मुलीला घालायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, शाळेने सुचवायचं नाही.

सोमवारी पत्र द्यायला एकट्या जाऊ नका, मिस्टरांना सुट्टी नसेल तर शेजारच्या कुणाला तरी बरोबर घ्या. तुमच्याच शाळेत आरटीईची आणखी मुलं असतील, त्यांच्याकडेही हीच मागणी झाली असणार, त्यांच्या आया भेटल्या तर प्रत्येकीने आपापलं वेगळं पत्र द्यावं, एकाच कागदावर सगळ्यांच्या सह्या नकोत, म्हणजे प्रत्येकीकडे स्वतःची पोच राहील. पोचेवरची तारीख मला कळवा, पंधरा दिवस तिथून मोजू.