जळगावच्या कंपन्यांत बीएस्सीच्या पोराला कोणी विचारतं का?

तुम्ही विचारलंय की मुलगा अमळनेरला बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष आलंय ते करावं का, आणि इकडच्या कंपन्यांत या पदवीला काही किंमत आहे का.

मी जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपाच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, सोळा वर्षं झाली. लॅबसाठी पोरं घ्यायची असली की इंटरव्ह्यूला मलाच बसवतात. किंमत आहे. फक्त मार्कशीट मी शेवटी बघतो.

आधी समोर पाइपाचा वीतभर तुकडा आणि व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून जाडी मोजायची सरकपट्टी, ठेवतो. जाडी सांग म्हणतो. (जाडीला खरं तर मायक्रोमीटर बरा, पण व्हर्नियर कॉलेजात सगळ्यांनी हाताळलेला असतो, निदान जर्नलात तरी.) फर्स्टक्लासवाले एका जागी मोजतात आणि आकडा सांगून मोकळे. पाइप फिरवून चार ठिकाणी मोजावा, सगळीकडे जाडी सारखी नसते, हे दहातल्या एखाद्याला सुचतं. बाकीच्यांचा दोष तरी काय म्हणावा? रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलातून उतरवायची सवय आपणच चालू दिली.

मग रिव्हर्जनचं, म्हणजे तापवल्यावर पाइपाची लांबी किती बदलते त्याचं विचारतो. आयएस ४९८५ या पीव्हीसी पाइपाच्या भारतीय मानकाप्रमाणे पाइपावर १०० मिमी अंतरावर दोन खुणा करतात, तुकडा १५० अंशांना तापवतात आणि थंड झाला की परत मोजतात. लांबीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही. १०० चे ९६ झाले, पास की नापास? चौथीचं गणित आहे, तरी पोरं गप्प बसतात, कारण ‘हे सिलॅबसला नव्हतं’. पारोळ्याकडचा एक जण मात्र सरळ म्हणाला, “दादा, माले नही येस, दखाडी द्या.” एकदा दाखवलं, दुसरा तुकडा त्याने स्वतः केला. आज रात्रपाळीची लॅब तोच बघतो.

आता आमच्याही बाजूचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळी चूक कॉलेजचीच. मालक लोकांना तयार माणूस पाहिजे, शिकवायला सहा महिने कोणालाच द्यायचे नाहीत, आणि पगार विचारला की हात आखडतो. नव्या रचनेत ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, चार क्रेडिट म्हणजे १२० तास. कल्पना चांगली. पण पोरं फॉर्म घेऊन येतात, “सर, फक्त सही-शिक्का द्या”, आणि आम्हीही देऊन टाकतो, कारण मशीनजवळ नवखं पोर नको असतं. मीसुद्धा दिलेत.

गेल्या वर्षी चोपड्याकडची एक मुलगी नुसत्या सही-शिक्क्याला नाही म्हणाली. तिला बसायचंच होतं. रोज सकाळच्या एसटीने यायची. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, सर, या व्हर्नियरला झिरो एरर आहे. जबडा मिटला तरी ०.०६ मिमी दाखवत होता. म्हणजे किती दिवस आम्ही प्रत्येक पाइपाची जाडी तेवढी जास्त लिहीत होतो कोण जाणे! झिरो एरर ती कॉलेजातच शिकली होती बरं का. त्यामुळे ‘कॉलेजात काही शिकवत नाहीत’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालतो.

चौथ्या वर्षाचं म्हणाल तर पुढे एमएस्सी किंवा संशोधन करायचं असेल तर ऑनर्स करू द्या. कारखान्यात तीन वर्षांची पदवी की चार, हे आजवर मला कोणी विचारायला सांगितलेलं नाही. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडायची सोय आहेच. त्याऐवजी ते एक वर्ष ॲप्रेंटिसशिपला लावा. ठरावीक विद्यावेतनातला निम्मा वाटा सरकार उचलतं, त्यामुळे कारखानदारही पोर घ्यायला फारसे कुरकुरत नाहीत. इंग्रजीची काळजी करू नका, रिपोर्टात चार ओळी नीट लिहिता आल्या की झालं.

ट्रेनिंगसाठी जागा आत्तापासून शोधा, सहावं सत्र उजाडायची वाट बघू नका. पाइप, चटई, डाळ मिल, कुठेही चालेल, फक्त तिथे काहीतरी मोजत असले पाहिजेत. आणि पहिल्या दिवशी त्याला बूट घालून पाठवा. चप्पल दिसली की वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो.