घरच्या बागेतल्या छाटणीसाठी छोटी बॅटरीची चेनसॉ: काय बघून घ्यावी

भाऊ, तुमच्याकडे संत्र्याची दोन झाडं, एक लिंबू, पेरू, कुंपणावर बोगनवेल आणि कोपऱ्यात मोठा कडुलिंब आहे. वर्षातून दोनदा छाटणी होते आणि ४ इंची २१ व्होल्टची घ्यावी की ६ इंची ४८ व्होल्टची, इथे तुमचं अडलं आहे. माझं मत विचाराल तर ६ इंची घ्या आणि डब्यावरच्या व्होल्टच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका.

आधी व्होल्टचा घोळ सोडवतो. या मशीनांच्या बॅटरीत बहुतेक वेळा लिथियमचे ५ सेल ओळीने जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणजे पाचांचा १८. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४.२ ला जातो, म्हणून २१. १८ व्होल्ट आणि २१ व्होल्ट लिहिलेल्या दोन बॅटऱ्या प्रत्यक्षात एकच असतात. ४८ किंवा ८८ लिहिलेल्या स्वस्त मशीनांत बहुधा हेच ५ सेल निघतात, तो आकडा निव्वळ नावापुरता. बघायचं ते अँपिअर-अवर. १८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॅट-अवर, ही तुमची खरी टाकी.

हा आकडाही फुगवून छापतात, पण तो पकडता येतो. बॅटरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. नेहमीच्या आकाराचा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. ५ सेलची बॅटरी कवचासकट ३५० ते ४०० ग्रॅम भरते, १० सेलची ६०० च्या पुढे. ३५० ग्रॅमच्या बॅटरीवर ६००० एमएएच, म्हणजे ६ अँपिअर-अवर, लिहिलेलं असेल तर ते खोटं आहे, तिच्यात तेवढी जागाच नाही. बॅटरीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. नसेल तर ती बॅटरी घरात चार्जिंगला लावू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

आता बारची, म्हणजे चेन ज्या पट्टीवर फिरते तिची लांबी; ४ इंची, ६ इंची म्हणतात ती हीच. ४ इंची बारने जेमतेम ३ इंच जाडीची फांदी नीट कापली जाते, ६ इंचीने ४ ते साडेचार. फांदी बारपेक्षा जाड असली की दोन्ही बाजूंनी कापावं लागतं, टोक लाकडात घुसतं आणि झटका बसतो. तुमच्या संत्र्या-लिंबाला ४ इंची पुरली असती, पण कडुलिंबाच्या फांद्यांना ती अपुरी पडेल. ८ इंची घेऊ नका. ती पुढून जड होते आणि संत्र्याच्या दाट घेरात फिरवता येत नाही. उलट, १ इंचाखालच्या काड्यांना चेनसॉ लावूच नका. बारीक काडी कापली न जाता चेनबरोबर ओढली जाते, फटकारते, साल सोलते आणि चेन उतरवते. तिथे सिकेटर (छाटणीची हातातली कात्री), दीड इंचापर्यंत लॉपर (लांब दांड्यांची, दोन हातांची कात्री). बोगनवेलीचं काम तर निम्म्याहून जास्त लॉपरचंच आहे. आणि वर्षाला जाड फांद्या दहा-बाराच निघत असतील तर घडीची चांगली करवत पुरते; मशीनचा खर्च वाचेल.

मोटर ब्रशलेसच घ्या, म्हणजे आत घासणारे कार्बनचे ब्रश नसलेली. ब्रशच्या मोटरला ओल्या कडुलिंबात दम लागतो, ती तापते आणि तेवढ्याच कामाला बॅटरी जास्त खाते. वर ब्रशलेस लिहिलेलं असलं तरी अंधारात चालवून हवेच्या फटींतून आत बघा. निळसर ठिणग्या दिसल्या तर आत ब्रश आहेत.

त्यानंतर पकड. एका हाताने चालवायची म्हणून ही मशीनं विकली जातात, आणि धोका नेमका तिथेच आहे. मोठ्या चेनसॉला असतो तसा, झटका बसताच चेन थांबवणारा चेन ब्रेक या छोट्या मशीनांना बहुतेक नसतो. एका हातात मशीन, दुसऱ्या हाताने फांदी धरलेली, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग मागच्या फांदीला टेकला की मशीन क्षणात उसळून तुमच्याकडे येतं. म्हणून पुढे दुसऱ्या हातासाठी दांडी, बारवर वरून झाकण आणि बटण दाबल्याशिवाय ट्रिगर न दबणारं कुलूप, या तिन्ही गोष्टी असतील तेच मशीन घ्या. कापताना बारचा मशीनजवळचा खालचा भाग लाकडाला लावा, टोक मोकळं ठेवा.

तेलाची टाकी आहे का तेही विचारा. नसेल तर दर पाच-सात मिनिटांनी चेनवर हाताने तेल सोडावं लागतं. लोक विसरतात आणि बारची खाच झिजून चेन डुगडुगते. बार-चेनचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर २०डब्ल्यू-४० चं नवं इंजिन ऑइल चालेल. गॅरेजमधलं जळकं तेल नको, त्यात धातूचा कीस असतो. खाण्याचं तेल काम झाल्यावर पुसलं नाही तर चिकट होऊन चेन धरून ठेवतं.

सुटे भाग मिळतात का, यावर मी ब्रँडपेक्षा जास्त भर देईन. चेन मागताना तीन गोष्टी लागतात: पिच (चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप), खाचेची जाडी आणि ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची) संख्या. या मशीनांत पिच बहुधा पाव इंच आणि जाडी १.१ मिमी असते. लिंक ४ इंचीत सहसा २८, तर ६ इंचीत ३६ किंवा ३७ असतात, म्हणून मशीनवरची चेन उतरवून स्वतः मोजा. एका लिंकच्या फरकाने चेन बसत नाही. दोन जादा चेन आणि दुसरी बॅटरी यांचे पैसे पहिल्याच दिवशी धरून चला. घरात आधीच एखाद्या कंपनीचा कॉर्डलेस ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारं मशीन घ्या. नावाजलेल्या कंपन्यांतही व्होल्ट कमी दिसला म्हणून बिचकू नका. श्टिलचं जीटीए २६ फक्त १०.८ व्होल्टचं आहे, बार १० सेंमीचा, आणि बागेतल्या छाटणीला ते व्यवस्थित चालतं.

मशीन घरी आलं की पहिल्यांदा बॅटरी काढून ठेवा, मग चेन बघा. बारच्या वरच्या कडेवर दात्यांची धार टोकाकडे तोंड करून हवी. उलटी बसली असेल तर मशीन फिरतं, धूर निघतो, पण लाकूड कापत नाही. नवीन मशीन कुचकामी निघालं म्हणून परत पाठवणाऱ्यांनी आधी हेच तपासावं. चेन ताणणाऱ्या स्क्रूची छोटी खुंटी बारच्या भोकात बसली आहे ना हे बघूनच नट आवळा. खुंटी भोकाबाहेर असली तर चेन ताणली जात नाही आणि जोर लावल्यावर प्लॅस्टिकचं झाकण तडकतं. ताण एवढा की बारच्या मध्यावर चेन वर ओढली तर २-३ मिमी उचलावी, सोडल्यावर परत बसावी, आणि हातमोजा घालून ओढल्यावर सहज फिरावी. नवी चेन पहिल्या काही मिनिटांत सैल होते, तेव्हा थांबून पुन्हा ताणा. तापलेली असताना ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करून ठेवा. गार होताना ती आक्रसते आणि मोटरच्या शाफ्टवर ओढ देते.

मशीन मधेच बंद पडलं तर लोक बॅटरीला दोष देतात. बहुतेक वेळा दोष बोथट चेनचा असतो. बोथट चेन दाबावी लागते, मोटर जास्त करंट ओढते आणि बॅटरीतलं संरक्षण सर्किट पुरवठा तोडतं. ओळखायची खूण सोपी: धार असेल तर ओल्या लाकडाचे तुकडे पडतात, नसेल तर पीठ पडतं. काप एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूच्या दात्यांना धार जास्त आहे. लोहाओळीत, म्हणजे हार्डवेअरच्या बाजारात, गोल कानस मागाल तर सुताराची निमुळती कानस देतील, ती नको. चेनसॉची सरळ कानस मागा, चेनच्या प्रकाराप्रमाणे ३.२ किंवा ४ मिमीची. प्रत्येक दात्याला ३० अंशाच्या कोनात, आतून बाहेर, सारखेच दोन-तीन हात द्या. सालीवरची माती धारेची सगळ्यात मोठी वैरी आहे, म्हणून बुंध्याजवळचा चिखल आधी ब्रशने झाडा. शेवग्याचे ओले तंतू झाकणात अडकतात, ते अधूनमधून काढा. बांबूला मात्र बारीक दात्यांची करवतच बरी.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मे महिन्यात नागपुरात सावलीतच पारा तिथे पोचतो. टिनाच्या शेडमध्ये, गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवू नका. कामानंतर ती गरम असते, अर्धा-पाऊण तास घरात गार होऊ द्या, मगच चार्जर लावा. महिनोन् महिने पडून राहणार असेल तर निम्मी चार्ज करून घरातल्या गार कपाटात ठेवा.

कापण्याची पद्धत: मनगटापेक्षा जाड फांदी एका कापात काढू नका, शेवटी ती स्वतःच्या वजनाने फाटते आणि बुंध्याची साल ओरबाडून नेते. बुंध्यापासून १५-२० सेंमीवर खालून एक तृतीयांश काप घ्या. त्याच्या ३-४ सेंमी बाहेर वरून कापा, फांदी पडेल. उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी जो फुगवटा असतो त्याच्या लगेच बाहेर कापा. फुगवटा कापला तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो.

संत्र्याची सल (वाळलेल्या फांद्या) काढताना वाळक्या भागाबरोबर साधारण २ सेंमी हिरवा भागही घ्या, रोग तिथपर्यंत उतरलेला असतो. बुंध्यावरचे पाणसोट (सरळ वाढणारे जोमदार फुटवे) कोवळे असतानाच हाताने मोडा, त्यांना मशीन लागत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना बॅटरी काढून चेन आणि बार स्पिरिटने पुसा, आणि स्पिरिट पूर्ण उडाल्यावरच बॅटरी लावा. जाड कापांवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र ढवळून घ्या. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस झाला तर चुना वाढवा. भर पावसात संत्र्याच्या जाड फांद्या कापू नका, डिंक्याला (बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाला) ते आमंत्रण आहे.

हातमोजे, गॉगल आणि बंद बूट घाला. शिडीवर चढून हे मशीन चालवू नका. कडुलिंबाच्या उंच फांद्यांसाठी जमिनीवर उभं राहून लांब दांड्याची करवत वापरा किंवा माणूस बोलवा. विजेच्या तारेजवळच्या फांदीला हात लावण्याआधी महावितरणला १९१२ वर कळवा. झाड तोडायचं किंवा त्याच्या मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तर ते तुमच्या कंपाउंडमध्ये असलं तरी महाराष्ट्राचा १९७५ चा शहरी वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. तेव्हा कडुलिंबाचा घेर कमी करण्याआधी महानगरपालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्या आणि परवानगी हातात आल्यावरच त्या फांद्यांना मशीन लावा.