डग्ग्याचा घुमारा कुठे गेला?

प्रश्न : १९ मिलिमीटर प्लायच्या ६० सेंटिमीटर रुंद फळीत १२ इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) आणि वर ट्वीटर (वरच्या सुरांचा) बसवला. मागे पेटी नाही, सगळं उघडं. गाणं मोकळं वाटतं, पण डग्ग्याची नुसती टपटप ऐकू येते. खोली १२ बाय १५ फूट, फळ्या भिंतीपासून फूटभर पुढे. मागून पेटी करून बंद करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नका करू! ज्या मोकळेपणासाठी एवढा खटाटोप केलात, तोच जाईल. आधी फळ्या पुढे ओढा.

वूफरचा शंकूसारखा हलणारा भाग पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब. ६० सेंटिमीटरची फळी तिला काय अडवणार? पुढचा आणि मागचा आवाज कडेवरून वळून एकमेकांना मारतात. त्यात भिंतीची भर. पेटीचा स्पीकर भिंतीशी नेला की खर्ज वाढतो, इथे उलट घटतो, कारण मागून परतणारा आवाज उलट्या फेजचा असतो, म्हणजे पुढे हवा दाबली जाते तेव्हा त्याची विरळ असते. फळी १ मीटर पुढे आणलीत की त्याला २ मीटर जास्त चाल पडते, म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद. तेवढ्यात ८५ हर्ट्झच्या आसपासची लाट पुन्हा सुलटी होऊन पुढच्या आवाजाला जोर देते. डग्ग्याला तोच हवा आहे. उघड्या फळ्यांवर वर्षानुवर्षं काम केलेले झीगफ्रीड लिंकविट्झही किमान १ मीटर सांगत.

माझ्या हॉलमध्ये मी फरशीवर चिकटपट्ट्या लावून वीत-वीत सरकवत गेलो. दोन फुटांपर्यंत विशेष काही घडलं नाही. सव्वातीन फुटांवर गाण्यातल्या तानपुऱ्याचा आवाज गायिकेच्या मागे जाऊन बसला. तोवर तो तिच्या गळ्यालाच चिकटलेला होता. येण्याजाण्याची अडचण होते, खरं आहे. खाली नमद्याचे तुकडे लावा, ऐकण्यापुरत्या पुढे ओढा, मग परत ढकला.

बाजूच्या भिंतींची काळजी कमी. फळीच्या कडेच्या दिशेला आवाज जवळजवळ नसतोच. फळ्या थोड्या तुमच्याकडे वळवा. मागे जाड पडदा मात्र नको, तो फक्त वरचे सूर खातो. पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तम.

तरी खर्ज कमी वाटला तर फळीच्या दोन्ही कडांना मागच्या बाजूने १५-२० सेंटिमीटरचे पंख जोडा. त्याहून खोल नको, आवाज बोगद्यातून आल्यासारखा घुमतो. आणि वूफरच्या माहितीपत्रकात क्यूटीएस (Qts, वूफरचं कंपन किती आवरलं जातं ते सांगणारा आकडा) बघा. तो ०.७ च्या आसपास असेल तर जमेल. ०.३ असेल तर तो वूफर पेटीसाठीच बनलेला आहे. पंखांवर प्लाय घालवण्याआधी तो बदला.