नव्या नर्सिंग होमवाल्याला: कागद किती वर्षं ठेवायचे?

रामबागेत नर्सिंग होम काढतोयस ना, मग फाइलींची कपाटं आधी घे, रिसेप्शनचा सोफा नंतर. भरती पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे, हा मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांचा दंडक. गफलत होते ती इथेच: ही वर्षं डिस्चार्जपासून नाही, उपचार सुरू झाले त्या तारखेपासून मोजतात. पेशंटने कागद मागितले की अर्जाची पोच द्यायची आणि 72 तासांत प्रती हातात ठेवायच्या. बिल थकलंय वगैरे सबबी नकोत.

सोनोग्राफी करणार असशील तर एफ फॉर्म, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद, दोन वर्षं. गर्भपाताचं रजिस्टर पाच वर्षं, तेही ज्या वर्षाचं असेल त्याच्या डिसेंबरअखेरपासून धरून. प्रकरण कोर्टात गेलं असेल तर निकालापर्यंत त्या फाइलीला हात लावायचा नाही.

माझं विचारशील तर तीन वर्षांवर थांबू नकोस. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची, पण सबळ कारण असलं की उशीर माफ होतो. बाळंतपणाच्या आणि लहान मुलांच्या फाइली तर मी काढून टाकतच नाही.

आणि हो, ईसीजीची पट्टी! थर्मल कागद तो, आपल्या इंदूरच्या मे महिन्यात कपाटात बसल्या बसल्या पुसट होतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढून फाइलला लाव, पट्टीवर नाव-तारीख पेनाने लिही. जुन्या फाइली रद्दीवाल्याला किलोवर देऊ नकोस, यादी करून समोर फाडून घे.