लाव्हा पाणी गाळतो का? ज्वालामुखी प्रदेशातील शहरांखालच्या भूजलाविषयी

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. ज्वालामुखी खडकांवर वसलेल्या शहरात अगदी जवळजवळच्या दोन विंधनविहिरींपैकी एकीत नायट्रेट आणि दुसरीत फ्लोराइड जास्त का निघते, ही पहिली. आणि लाव्हाच्या थरांतून झिरपलेले पाणी आपोआप शुद्ध होते हे खरे का, ही दुसरी. दुसरीचे उत्तर आधी देतो, कारण पहिलीचा उलगडा तिच्यातूनच होतो.

लाव्हा पाणी गाळत नाही, तो त्याला वाट देतो. थंड होताना खडक आकसून पडलेल्या उभ्या भेगा, एका प्रवाहाचा माथा आणि त्यावर आलेल्या दुसऱ्या प्रवाहाचा तळ यांच्यामधला भुसभुशीत, तुकड्यातुकड्यांचा पट्टा आणि क्वचित आढळणाऱ्या लाव्हा-नळ्या (वाहता लाव्हा निघून गेल्यावर उरलेले पोकळ बोगदे) यांतून पाणी इतक्या वेगाने पुढे सरकते की रोगजंतू नष्ट व्हायला किंवा विद्राव्य दूषके खडकाला चिकटायला पुरेसा अवधीच मिळत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये हवाई बेटांवरील होनोलुलूजवळच्या रेड हिल येथील अमेरिकी नौदलाच्या इंधनसाठ्यातून सांडलेले इंधन पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत पोहोचले, तेव्हा वाटेतल्या बेसॉल्टने, म्हणजे थिजलेल्या काळ्या लाव्हाने, ते अडवले नव्हते. गाळण्याचे काम, होते तेवढे, बारीक राख आणि ती कुजून झालेली चिकणमाती यांच्या थरांत होते. म्हणून कोणत्याही शहराविषयी मत देण्यापूर्वी लाव्हा आणि राख एकमेकांवर कोणत्या क्रमाने बसली आहेत हे पाहणे भाग असते.

जपानमधील कुमामोतो हे त्याचे चांगले उदाहरण आहे. सुमारे सात लाख वस्तीच्या या शहराचे नळाचे सर्व पाणी भूजलातून येते. आसो ज्वालामुखीच्या चार प्रचंड उद्रेकांतील राख आणि प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) यांचे थर, त्यांच्यामध्ये दडलेला अतिशय सच्छिद्र लाव्हा, आणि सखल भागात वर पसरलेली पाणी अडवणारी माती, अशी तेथील रचना आहे. शिराकावा नदीच्या मधल्या टप्प्यातील शेतांतून पाणी भराभर मुरते हे लक्षात आल्यावर २००४ पासून पीक नसलेल्या काळात शेतांत पाणी भरून ठेवण्यासाठी शेतकऱ्यांना मोबदला दिला जाऊ लागला. मात्र ज्या उंचवट्यावर पाणी मुरते तेथेच खतांचे आणि गुरांच्या मलमूत्राचे नायट्रेटही मुरते. प्रवाहाबरोबर ते खालच्या बंदिस्त, प्राणवायूविरहित भागात गेले की जीवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात आणि ते पाण्यातून नाहीसे होते. तेव्हा नायट्रेट नसलेली विहीर प्रदूषणापासून दूर आहे असे मानण्याची घाई करू नये. मूळ पाणी दूषित असूनही वाटेत त्याची खूण पुसली गेलेली असू शकते.

आता फ्लोराइडकडे वळू. पावसाचे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लधर्मी होते आणि खडकातील ज्वालामुखी काच (लाव्हा झटकन थिजून झालेला काचेसारखा पदार्थ) व खनिजे विरघळवू लागते. सुरुवातीला त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका येतात. पुढे लांबच्या प्रवासात चिकणमातीची खनिजे कॅल्शियम घेऊन सोडियम सोडतात, सामू (pH) वाढतो, आणि कॅल्शियम घटल्यामुळे फ्लोराइडला फ्लोराइटच्या (कॅल्शियम आणि फ्लोराइडच्या खनिजाच्या) रूपात खाली बसण्याचे कारणच उरत नाही. सिलिकासमृद्ध राखेत फ्लोराइड आणि आर्सेनिक मुळातच अधिक असतात. सामू चढला की खनिजांना चिकटलेले आर्सेनिकही सुटते. बेसॉल्टमध्ये हा त्रास सहसा कमी असतो. इटलीतील एटना ज्वालामुखीच्या उतारावर, जेथून कातानिया शहराला पाणी मिळते, तेथे शिलारसातून येणारा कार्बन डायऑक्साइड ही विरघळण्याची क्रिया आणखी तीव्र करतो आणि पाण्यात व्हॅनेडियमसुद्धा लक्षणीय प्रमाणात येते. त्यात कारखान्यांचा दोष नाही.

यावरून आपल्या दोन विहिरींचे चित्र असे दिसते: नायट्रेटवाली विहीर वरच्या लाव्हातून जलद आलेले, तरुण पाणी उपसते, तर फ्लोराइडवाली राखेच्या थरांखालून संथ आलेले, जुने पाणी देते. सिलिका जास्त म्हणून पाणी जुने, असा निष्कर्ष मात्र काढू नका, कारण ज्वालामुखी काच लवकर विरघळते. वय ठरवण्यासाठी ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप, पाहावे. सल्फर हेक्साफ्लोराइड या वायूवरून वय काढण्याची पद्धत काही ज्वालामुखी खडकांत फसते, कारण तो वायू तेथे नैसर्गिकरीत्याही आढळतो.

शहर स्वतःही भूजलात भर घालते. गळक्या जलवाहिन्या आणि मलवाहिन्या हे पुष्कळ शहरांत पुनर्भरणाचे मोठे साधन असते. मेक्सिको सिटीत याला वेगळेच वळण लागले आहे: दक्षिणेकडील बेसॉल्टच्या डोंगरांवर पाणी मुरते, शहराखाली जुन्या सरोवराची जाड चिकणमाती आहे, आणि अतिउपशामुळे ती दबून जमीन काही ठिकाणी वर्षाला ४० सेंटिमीटरहून अधिक खचते. त्यामुळे नळ व गटारे तुटतात, मातीला तडे जातात, आणि एरवी जलधराचे (पाणी साठवणाऱ्या खडकथराचे) रक्षण करणाऱ्या थरातूनच दूषित पाण्याला खाली जाण्याची वाट मिळते.

पुढच्या तपासणीत फक्त नायट्रेट आणि फ्लोराइड मोजू नका. विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजा. लोह, मँगनीज, अमोनियम, आर्सेनिक, कॅल्शियम, सोडियम आणि क्लोराइड यांचीही चाचणी करून घ्या. प्राणवायू नाही, लोह-मँगनीज आहे आणि क्लोराइड चढलेले आहे, अशी विहीर मला नायट्रेटवाल्या विहिरीइतकीच संशयास्पद वाटते, कारण तिच्यात नायट्रेटची खूण वाटेतच पुसली गेलेली असू शकते. नायट्रेट सांडपाण्याचे की खताचे हे ठरवण्यासाठी नायट्रोजन व ऑक्सिजनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) उपयोगी पडतात, पण ती चाचणी महाग असते आणि नायट्रेटचे विघटन सुरू झाले असेल तर तिचा अर्थ लावणेही कठीण जाते. त्याआधी विंधनविहिरीच्या केसिंगभोवतीची (आत बसवलेल्या नळाभोवतीची) पोकळी कोणत्या खोलीपर्यंत सिमेंटने भरली आहे याची नोंद मिळवा. ती मोकळी असेल तर वरचे पाणी थेट खालच्या थरात उतरते आणि आपण मोजतो ते दोन थरांचे मिश्रण ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लिटरला नायट्रेटसाठी ५०, फ्लोराइडसाठी १.५ आणि आर्सेनिकसाठी ०.०१ मिलिग्रॅम आहेत. या तपासणीचे आकडे हाती येईपर्यंत नायट्रेटवाली विहीर बंद करून सर्व भार दुसरीवर टाकण्याचा निर्णय घेऊ नये.